चौऱ्याण्णव तारखांचा गठ्ठा

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला तारीखदादा माझ्या खोलीत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, गठ्ठा नाही."

कुठला गठ्ठा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या आठवड्यात आमच्या न्यायालयात एकाच गठ्ठ्याची चर्चा होती. नऊ वर्षांपूर्वी एका तरुणाने दारू पिऊन गाडी फुटपाथवर चढवली आणि कामावरून पायी घरी निघालेली एकोणीस वर्षांची मुलगी चिरडली. त्या खटल्याच्या चौऱ्याण्णव तारखा झाल्या आणि एकदाचा शुक्रवारी निकाल लागायचा होता. शनिवारपासून आमच्या न्यायाधीशांची बदली होती. शुक्रवार हुकला तर नवे न्यायाधीश येणार, दोन्ही वकिलांचे युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून ऐकणार, आणि त्याला कमीत कमी दीड वर्ष जाणार. आमचं 'कमीत कमी' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी या न्यायालयाची अधीक्षक. निकाल देणं माझं काम नाही. निकाल देणाऱ्याच्या टेबलावर कागद असावेत, एवढं बघणं माझं काम. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हाताखाली एकही कागद हरवला नव्हता. इथे सहाशे चाळीस पानांचा, दोन हातांनी उचलायचा गठ्ठा गेला होता. त्यात मुलीचा शवविच्छेदनाचा मूळ अहवाल होता, साक्षीदारांच्या सह्या केलेल्या जबान्या होत्या. गठ्ठा टेबलावर असल्याशिवाय निकाल वाचता येत नाही.

तारीखदादा हे दुसऱ्या मजल्यावरच्या कोर्टाचे कारकून. पुढची तारीख त्यांच्या हाताने पडते म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. स्वभावाने पापभीरू, अक्षर मोत्यासारखं, निवृत्तीला चार महिने राहिलेले. त्यांनी सांगितलं की कोर्ट चालू असताना कपाट उघडंच असतं, तसं ते सोमवारी दिवसभर उघडं होतं. संध्याकाळी त्यांनी कुलूप घातलं, पण गठ्ठा आत आहे का ते पाहिलं नाही. सांगताना ते माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत होते. माणूस लाजेने असा बघतो, असं मला तेव्हा वाटलं.

मग मला आठवल्या त्या मावशी. मुलीची आई. चौऱ्याण्णवपैकी एकही तारीख त्यांनी चुकवली नव्हती. त्यांना हे कोण सांगणार?

फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावलं. बाहेर पडणारी प्रत्येक पिशवी तो उघडून बघतो, आणि एवढा गठ्ठा पिशवीत काय, पेटीतही लपत नाही. खिडक्यांना गज आहेत. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की सोमवारपासून असलं काही बाहेर गेलेलं नाही. म्हणजे गठ्ठा इमारतीतच होता, आणि तो हलवणारा माणूस रोज मला नमस्कार करणाऱ्यांपैकीच कुणीतरी होता.

२

संशय घ्यायचा तर पहिला मान पॉलिशचा. आरोपीच्या वकिलाचा हा कारकून. त्याचे बूट इतके चकचकीत असतात की नाव आपोआप पडलं. तारखा लांबवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वकीलसाहेब आजारी, वकीलसाहेब बाहेरगावी, साक्षीदाराचा पत्ता बदलला, आरोपीच्या बहिणीचं लग्न. बहिणीचं लग्न तर मी दोनदा वाचलं होतं, आणि बहीण एकच होती. सगळ्या इमारतीने त्याच्याकडे बोट दाखवलं. तो चोर निघाला असता तर मला मनापासून बरं वाटलं असतं, हेही कबूल करते.

तो आला तो घाबरलेला. माझ्याआधी त्यानेच बोलायला सुरुवात केली. शोधायला माणसं हवी असतील तर आमच्या ऑफिसातली देतो, म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, शुक्रवार हुकला तर आम्ही मेलो."

तुमची माणसं घाईला कधीपासून आली, असं मी विचारलं. तो घाईघाईने नमस्कार करून निघाला.

तो गेल्यावर मी तारखांची वही मागवली. आरोपीच्या बाजूने पहिल्या आठ-सव्वाआठ वर्षांत मागितलेल्या मुदती एकोणसाठ. हे न्यायाधीश खुर्चीवर आल्यानंतरच्या आठ महिन्यांत एकही नाही. उलट दोनदा लवकरची तारीख द्या म्हणून अर्ज. मी वही मिटली. आमचे हे न्यायाधीश पहिल्या गुन्ह्याला मायेने बघतात, हे वकिलांच्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पॉलिशची मंडळी आठ वर्षं वेळ काढत नव्हती, ती योग्य माणसाची वाट बघत होती. तो माणूस आला आणि त्यांना घाई झाली.

तेव्हा गठ्ठा पळवून पॉलिशने स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यावा? त्याचं नाव मला खोडावं लागलं. पण त्या खोडण्यातून एक नवाच प्रश्न समोर आला. आरोपीला जर हा निकाल एवढा हवा आहे, तर तो नको कुणाला आहे?

३

निकाल आधीपासून माहीत असेल अशी माणसं दोन, सांगणारे न्यायाधीश आणि उतरवून घेणारी स्टेनो. ही मुलगी आमच्याकडे पाच वर्षं आहे. हात भराभर चालतो आणि तोंड बंद असतं, स्टेनोला लागतात ते दोन्ही गुण तिच्यात आहेत. सोमवारी सकाळी न्यायाधीशांनी तिला निकाल सांगितला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने तो टाइप करून दिला.

यातलं तू कुणाशी काही बोललीस का, असं मी विचारलं.

"शिक्षा काय आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, मॅडम."

मी विचारलं होतं एक आणि तिने उत्तर दिलं होतं दुसऱ्याच प्रश्नाचं. पण तिचे डोळे भरून आले होते, म्हणून मी तेव्हा ताणलं नाही. सोमवारी तिने डबा उघडलाच नव्हता, असं शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला नंतर सांगितलं.

न्यायाधीशांकडे मी विचारायला गेले होते ते एवढंच की गठ्ठ्याशिवाय निकाल वाचता येईल का. नाही, म्हणाले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मी न विचारताच बोलू लागले. आरोपी दोषी आहे, त्यात तिळमात्र शंका नाही. पण नऊ वर्षं त्याच्या डोक्यावर टांगती तलवार आहे, आता तो बत्तीस वर्षांचा आहे, दोन लहान मुलं आहेत, पुन्हा कधी गुन्हा केलेला नाही. दोन वर्षं नीट वागेन असं लिहून घ्यायचं आणि सोडून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "ती नऊ वर्षं त्यांनीच लावली, साहेब."

"त्यातली तीन आपण लावली, मॅडम. या खुर्चीवर तेव्हा कुणी नव्हतं."

ते वाईट माणूस नाहीत. लाच घेणारे असते तर माझं काम सोपं झालं असतं, सगळा राग एका जागी ठेवता आला असता. त्यांच्या बोलण्यातली तीन वर्षं मला खोडता येईनात. ज्या उशिराने मावशींचे केस पांढरे केले, तोच उशीर आरोपीच्या बाजूने मोजला जात होता, आणि तो मोजायला कायद्यात जागा होती.

आता कुणाला हा निकाल नको असेल ते उघड होतं. जिची ती मुलगी होती, तिलाच.

४

मावशी एका शर्टांच्या कारखान्यात काजं करतात. मी बुधवारी सकाळी तिथे गेले. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना यंत्रं, मधल्या फळीवर बाह्या न जोडलेल्या शर्टांचे ढीग. मावशी शेवटच्या यंत्रावर होत्या. यंत्र काज विणतं, मग मधला कपडा छोट्या पात्याने कापायचा. पातं एक दोरा जरी पुढे गेलं तरी शर्ट वाया. त्यांनी हातातला शर्ट पुरा केला आणि मगच मान वर केली.

सोमवारी साडेचारच्या सुमाराला पहारेकऱ्याने त्यांना आमच्या तळमजल्यावर, दप्तरखान्याच्या दाराशी असलेल्या बाकावर बसलेलं पाहिलं होतं. निकाली निघालेल्या खटल्यांचे गठ्ठे जिथे कायमचे ठेवतात ती ही खोली. तारीख नसताना त्या तिथे काय करत होत्या, ते मी विचारलं.

त्या सरळ बोलल्या. शुक्रवारची सुट्टी मालकाला आधी सांगावी लागते, म्हणून शुक्रवार नक्की ना एवढं विचारायला आल्या होत्या. वर जाऊन दादांना भेटल्या. दादा म्हणाले, शुक्रवारचं काही खरं नाही, सुट्टी टाकू नका. जिना उतरून खाली आल्यावर बाकावर टेकल्या. तेवढंच.

"तुम्ही काही म्हणाला नाहीत त्यांना?" मी विचारलं.

"काय म्हणणार बाई? त्यांच्या हातात काय आहे? ते बिचारे लिहितात फक्त."

मग त्यांनी यंत्राचा दिवा बंद केला आणि शांतपणे विचारलं, "गठ्ठा हरवला का हो?"

मी हबकले. इमारतीबाहेर ही बातमी जाऊ नये म्हणून मी सगळ्यांना तंबी दिली होती. त्यांना कसं कळलं?

"तुम्ही इथवर आलात ना," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांत तुमच्यातलं कुणी माझ्याकडे आलं नाही. मीच यायची. तेव्हा काहीतरी तुमचंच हरवलेलं असणार."

मला वर बघवेना. परत येताना रस्ताभर त्यांच्या बोलण्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं. ते का खटकतंय ते मात्र मला अजून कळत नव्हतं.

५

गठ्ठा लपवायचा तर कुठे? गठ्ठ्यांतच. दर महिन्याला एकदा सगळ्या कोर्टांतले निकाली गठ्ठे हातगाडीवरून दप्तरखान्यात जातात, आणि या महिन्याची गाडी सोमवारी दुपारी तीनला गेली होती. जाण्याआधी तासभर गठ्ठे वरच्या मजल्यांच्या बोळात रचून ठेवलेले असतात. जाणारा येणारा त्यात एक सहज सरकवू शकतो.

दप्तरखाना सांभाळणारे काका धुळीने सतत शिंकत असतात आणि प्रत्येक शिंकेचा दोष वरच्या मजल्यांना देतात. मी त्यांना सोमवारची यादी मागितली. यादीत गठ्ठे तीनशे बारा. त्यांनी न मोजताच सही केली होती. आम्ही दोघांनी मोजले. तीनशे तेरा भरले.

काका शिंकायचेही थांबले.

एकेक उघडून बघायचं तर चार दिवस लागले असते, आणि आमच्याकडे दोन होते. निकाली गठ्ठ्याच्या फितीखाली खटल्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते. एका जुन्या भांडणाच्या गठ्ठ्याची चिठ्ठी नाहीशी होती. म्हणजे ती काढून दुसऱ्या गठ्ठ्यावर लावली होती. मी काकांना म्हटलं, ती चिठ्ठी शोधायला प्रत्येक गठ्ठा खाली काढावा लागेल, त्याआधी दुसरं काही वेगळं दिसतंय का ते बघा.

ते रांगेवरून हात फिरवत गेले आणि चौथ्या फडताळापाशी थांबून वैतागले. "ही कुणाची अक्कल? सुरगाठ मारली आहे."

आमच्याकडे एक रीत आहे. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवली जाते. चालू खटल्याच्या गठ्ठ्याला सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी, कारण तो दर तारखेला उघडायचा असतो. खटला निकाली निघाला की निरगाठ. ती सोडवायची नसते, वेळच आली तर फीत कापायची. त्या खोलीतल्या हजारो गठ्ठ्यांवर निरगाठी होत्या आणि एकावर सुरगाठ. मी टोक ओढलं. पहिल्याच पानावर त्या मुलीचं नाव होतं.

काकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच निवाडाही देऊन टाकला. बाहेरच्या माणसाचं काम, म्हणाले, आतल्याला गाठीतला फरक कळतो. मग त्यांना बाकावर बसलेल्या मावशी आठवल्या, आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचं बोलायची गरज राहिली नाही.

६

काकांचं म्हणणं मी रस्त्याने मनात घोळवलेल्या वाक्याशेजारी ठेवलं आणि मला लख्ख दिसलं.

बाहेरच्या माणसाला गाठ माहीत नसती, कबूल. पण मग चिठ्ठी कशी माहीत असती? ती फितीखाली, डाव्या कोपऱ्यात, क्रमांक वर ठेवून अगदी रीतसर लावलेली होती. ज्याला चिठ्ठी ठाऊक त्याला गाठही ठाऊक. दप्तरखान्यातला माणूस असता तर त्याच्या हातून सवयीने निरगाठच पडली असती. तेव्हा गाठ अज्ञानाने चुकली नव्हती. खटला निकाली निघालेला नसताना त्याला निरगाठ मारायची, हे त्या माणसाला करवलं नव्हतं. ज्याने हाच गठ्ठा चौऱ्याण्णव वेळा सोडला आणि चौऱ्याण्णव वेळा सुरगाठीने बांधला, त्याचा हात तिथे अडला होता.

आणि मावशींचं ते वाक्य. गठ्ठा गेल्याचं मंगळवारी सकाळी कळलं. मग शुक्रवारचं काही खरं नाही, हे सोमवारी साडेचारला कुणाला कसं माहीत होतं?

कोर्ट उठल्यावर मी दुसऱ्या मजल्यावर गेले. खोली रिकामी होती, तारीखदादा वही लिहीत होते. मी गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. तो होता तसाच मी पुन्हा सुरगाठीने बांधला होता. त्यांनी गाठीकडे पाहिलं, टोपण लावून पेन खिशाला अडकवलं आणि कानावर हात ठेवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

स्टेनोने सोमवारी डबा उघडला नाही, म्हणून त्यांनी तिला विचारलं होतं. ती एवढंच म्हणाली, दादा, त्या मावशींना शुक्रवारी येऊ देऊ नका. चौतीस वर्षं निकाल ऐकलेल्या माणसाला तेवढं पुरलं. जेवणाच्या सुट्टीत बोळ रिकामा होता.

"प्रत्येक तारीख माझ्या हातची, मॅडम," ते म्हणाले. "दर वेळी त्या विचारायच्या, दादा, पुढची कधी? मी लिहून द्यायचो. मला वाटायचं, शेवटी काहीतरी पदरात पडेल बाईंच्या. तर हे. तो आरोपी मोटार घेऊन यायचा, मोटार घेऊन जायचा, आता तसाच घरी जाणार."

मग त्यांनी हात जोडले. स्वतःसाठी नाही. शुक्रवार जाऊ द्या, म्हणाले, गठ्ठा सोमवारी सापडला म्हणा. नवे साहेब नव्या नजरेने बघतील. माझं नाव घातलंत तरी चालेल.

मी ताडकन नाही म्हणाले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणाले नाही. मी पक्षकारांच्या बाकावर बसले आणि विचार केला. दोन दिवस गप्प बसायचं होतं, दुसरं काही नाही. माझ्या इमारतीत माणसं नऊ वर्षं गप्प बसली होती आणि त्याबद्दल कुणी त्यांना जाब विचारला नव्हता. त्या शिक्षेची मला चीड होती आणि अजून आहे. गठ्ठा माझ्या हाताशी होता.

पण मावशींच्या हातातलं ते पातं, एक दोरा पुढे गेलं की शर्ट वाया घालवणारं, डोळ्यासमोरून हलेना. मी दादांना विचारलं, "हे तुम्ही त्यांच्यासाठी केलंत. त्यांना विचारलंत?"

त्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत माझ्याही आलं नव्हतं.

७

गुरुवारी सकाळी मावशी माझ्या खोलीत बसल्या होत्या. दादा भिंतीला टेकून उभे होते. मी जे केलं ते चूक होतं. न वाचलेला निकाल मी पक्षकाराला सांगितला. निकाल उद्या लागला तर काय होईल ते सांगितलं, नवे न्यायाधीश आले तर किती वेळ जाईल ते सांगितलं, आणि शिक्षा जड होईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही हेही सांगितलं. गठ्ठा कुणी लपवला तेही लपवलं नाही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "दोषी म्हणणार का त्याला?"

हो, मी म्हणाले.

"मोठ्याने वाचणार? त्याच्यासमोर?"

"हो."

मग त्या दादांकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"तुम्हीसुद्धा मला तारीखच दिलीत, दादा."

दादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. मावशींनीही त्यांची समजूत काढली नाही. मला म्हणाल्या, "त्याचा वकील नऊ वर्षं सांगतोय की माझी पोर धावत मध्ये आली. ती फुटपाथवर होती. कुणीतरी एकदा खुर्चीवर बसून म्हणू दे की तिची चूक नव्हती. शिक्षा हलकी आहे, ते मला कळतंय. त्याच्यासाठी वरच्या कोर्टात जायचं तर जाईन. पण वर जायलाही आधी इथलं संपायला लागतं ना?"

लागतं, मी म्हणाले.

"मग संपवा."

शुक्रवारी अकरा वाजता गठ्ठा न्यायाधीशांच्या टेबलावर होता. त्यांनी निकाल वाचला. मुलगी फुटपाथवर होती, तिची कोणतीही चूक नव्हती, आरोपी दोषी आहे. मावशी उभ्या होत्या. त्यांनी समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरली होती. पुढची पानं वाचली जाताना त्या तशाच उभ्या राहिल्या. आरोपीने दोन वर्षं नीट वागेन अशा कागदावर सही केली, वकिलाचा हात हातात घेतला आणि जिना उतरून गेला. सव्वाबाराला तो फाटकाबाहेर होता. मावशींनी वरच्या न्यायालयात जाण्यासाठी निकालाची नक्कल मागितली. अर्ज मी स्वतः भरून दिला.

८

तारीखदादांची चौकशी आणि त्यावरचा हुकूम, दोन्ही वरिष्ठांनी माझ्याकडेच सोपवलं. मीही जे केलं होतं ते लिहून वरिष्ठांना दिलं. मला कडक शब्दांत समज मिळाली. ती मला मान्य आहे. दादांनी पहिल्याच दिवशी सगळं कबूल केलं. साक्षी घ्यायला तीन माणसं, आणि कागद सहा. वर विचारून घ्या, घाई कशाला, असं मला दोघातिघांनी सुचवलं. चार महिने ओढलं असतं तर दादा निवृत्त झाले असते आणि प्रकरण तिथेच विरलं असतं. सगळ्यांनाच ते हवं होतं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

शेवटची साक्ष मावशींची. त्यांनी सोमवारी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. सही करून झाल्यावर मी त्यांना नियमाबाहेरचा एक प्रश्न विचारला. दादांच्या बाबतीत तुम्हाला काही सांगायचं आहे का? मला वाटलं, त्या म्हणतील सोडून द्या. नाहीतर म्हणतील, सोडू नका.

दादा बाहेर बाकावर बसले होते. दार अर्धवट उघडं होतं, तिथून त्यांचे गुडघे आणि गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसत होते. मावशींनी तिकडे पाहिलं.

"काय करायचं ते तुम्ही ठरवा, बाई," त्या म्हणाल्या. "पण आजच सांगा त्यांना. बसवून ठेवू नका."

नोकरीतून आजपासून कमी, असा हुकूम मी लिहिला. चार वाजायच्या आत त्यांना आत बोलावलं आणि वाचून दाखवला.